सहा दिवसांचा हिशोब आणि नागपूरचा खडक

इ. स. १७०१ पासून इंग्लंडमध्ये छापल्या जाणाऱ्या बायबलांच्या पहिल्याच पानाच्या समासात एक आकडा दिसू लागला : ख्रिस्तपूर्व ४००४. मूळ शास्त्रात असा आकडा कुठेही नाही. आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात विश्वाच्या निर्मितीची जी तिथी ठरवली होती, तिचे वर्ष मुद्रकांनी समासात आणून बसवले. त्या वर्षीच्या २३ ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी काळाला आरंभ झाला, असे अशर यांचे म्हणणे. आज ते वाचून हसू येते, पण अशर भोळे नव्हते. जुन्या करारातल्या वंशावळ्या, यहुदी राजांच्या कारकिर्दी आणि बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या मृत्यूसारख्या इतर साधनांतूनही पडताळता येणाऱ्या घटना यांची सांगड घालून त्यांनी हा हिशोब केला होता. केप्लर आणि न्यूटन यांनीही याच पद्धतीने कालगणना मांडल्या. प्राचीन काळाविषयी प्राचीन ग्रंथापेक्षा भक्कम पुरावा त्या पिढीजवळ नव्हता. दगडही पुरावा देतो, हे अजून कोणाच्या नीट ध्यानात आले नव्हते. तोवर मात्र समासातला आकडा शेजारच्या वचनाइतकाच पवित्र होऊन बसला.

हा आकडा कसा मोडला, याची एक सोपी गोष्ट आपल्याला पाठ झालेली आहे. एका बाजूला अंधश्रद्ध पाद्री, दुसऱ्या बाजूला निर्भय वैज्ञानिक, आणि शेवटी विज्ञानाचा विजय. या गोष्टीला ठाम आकार दिला तो न्यूयॉर्कचे रसायनशास्त्रज्ञ जॉन ड्रेपर यांच्या १८७४ च्या आणि कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट यांच्या १८९६ च्या ग्रंथांनी. तिच्या उलट सांगितली जाणारी दुसरी गोष्टही तितकीच सोपी आहे : शास्त्र आणि विज्ञान यांत भांडण कधी नव्हतेच, नीट वाचले तर दोन्ही तंतोतंत जुळतात. भूशास्त्राचा इतिहास या दोन्ही गोष्टींना साक्ष देत नाही. पृथ्वीचे वय सहा हजार वर्षांपलीकडे नेणाऱ्यांत धर्मोपदेशकच मोठ्या संख्येने होते. पण ज्यांनी ग्रंथ आणि खडक जुळवून दाखवण्याचा घाट घातला, त्यांची प्रत्येक जुळणी मोडीत निघाली. टिकले ते एवढेच : खडकाची साक्ष खडकाकडूनच घ्यायची, ग्रंथाला तिथे साक्षीदार म्हणून उभे करायचे नाही, ही शिस्त.

या शिस्तीची बीजे ख्रिस्ती परंपरेत फार जुनी आहेत. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली? हा प्रश्न विचारायला आधुनिक विज्ञानाची गरज नव्हती. तिसऱ्या शतकात ओरिजेनने तो विचारला होता. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीवर लिहिताना हे दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नसावेत असे मत दिले, आणि एक इशाराही दिला : निसर्गाविषयी जाणकारांना पक्के ठाऊक असलेल्या गोष्टींबद्दल ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावाने काहीबाही बोलू नये, त्याने शास्त्राचीच अप्रतिष्ठा होते. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने लिहिले की मोशे सामान्य माणसाला दिसेल आणि समजेल अशा भाषेत बोलतो. खगोलविद्या शिकायची असेल त्याने दुसरीकडे जावे. मात्र यावरून ही मंडळी आधुनिक होती असे मानणे चूक ठरेल. मानवजातीचे वय सहा हजार वर्षांहून कमी आहे, असे ऑगस्टीन स्वतः मानत होते. त्यांनी वाट दाखवली. तिच्यावरून चालण्याची पाळी अजून आलेली नव्हती.

ती पाळी आणली खडकांच्या थरांनी. निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने १६६९ साली साधा नियम सांगितला : गाळाचे थर एकावर एक साचतात, म्हणून खालचा थर आधीचा. हा स्टेनो पुढे कॅथलिक बिशप झाला. फ्रान्समध्ये बुफॉनने लोखंडाचे तापवलेले गोळे किती वेळात निवतात ते मोजले आणि १७७८ साली पृथ्वीचे वय सुमारे ७५ हजार वर्षे असल्याचे छापले. खासगी टिपणांत त्याचे आकडे लाखांच्या घरात गेले होते. १७८८ साली स्कॉटलंडच्या बेरिकशर किनाऱ्यावर, सिकर पॉइंट येथे, जेम्स हटन यांनी सोबत्यांना एक कडा दाखवला. खाली जवळजवळ उभे झालेले जुने थर, आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यावर टेकलेले तांबूस वालुकाश्माचे थर. म्हणजे आधी गाळ साचला, त्याचा दगड झाला, तो उचलला जाऊन उभा झाला, झिजून सपाट झाला आणि मग त्यावर पुन्हा नवा गाळ साचला. या सगळ्याला सहा हजार वर्षे पुरणार कशी? त्या दिवशी सोबत असलेले जॉन प्लेफेअर हे एके काळचे पाद्री. हटन यांचे क्लिष्ट लिखाण वाचकांपर्यंत पोचवण्याचे काम पुढे त्यांनीच केले.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट अधिक नाट्यमय रीतीने घडली. ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड आणि केंब्रिजचे ॲडम सेजविक हे दोघेही दीक्षित धर्मोपदेशक आणि दोघेही भूशास्त्राचे प्राध्यापक. यॉर्कशरमधल्या कर्कडेल गुहेत १८२१ साली तरस, हत्ती, गेंडे, पाणघोडे यांच्या हाडांचा खच सापडला. ही हाडे जलप्रलयात वाहून आली असणार, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. बकलंड यांनी जिवंत तरसाला बैलाची हाडे खायला घालून त्यावरच्या दातांच्या खुणा तपासल्या आणि गुहा ही तरसांची राहण्याची जागा होती, हाडे त्यांनीच आत ओढून आणली, असे सिद्ध केले. तरीही वरचा चिखलाचा थर त्यांनी १८२३ च्या ग्रंथात नोहाच्या प्रलयाच्या खात्यात टाकला. पुढे ठिकठिकाणचे थर तपासता हा चिखल एका वेळचा, एका पुराचा नाही, हे उघड झाले. सेजविक यांनी १८३१ साली जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून प्रलयाचा सिद्धान्त जाहीरपणे मागे घेतला. १८३६ साली बकलंड यांनीही तो सोडला. हे करायला त्यांना कोणा नास्तिकाने भाग पाडले नाही. स्वतःच्या हातांनी गोळा केलेल्या पुराव्यापुढे त्यांनी मान तुकवली. १८४४ साली यॉर्कचे डीन विल्यम कॉकबर्न यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत बकलंड यांच्या भूशास्त्रावर शास्त्राच्या नावाने हल्ला चढवला, तेव्हा त्यांना खोडून काढायला उभे राहिले ते सेजविकच. त्या दिवशीच्या वादात दोन्ही बाजूंना पाद्रीच होते.

प्रलय गेला, पण सहा दिवसांचे काय? येथे दोन जुळण्या पुढे आल्या. स्कॉटलंडचे थोर धर्मोपदेशक टॉमस चाल्मर्स यांनी १८०४ पासून असे मांडले की उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनांमध्ये वाटेल तेवढा काळ मावू शकतो. पहिल्या वचनात देवाने आकाश व पृथ्वी निर्माण केली, मग अगणित युगे गेली, पृथ्वी ओसाड झाली, आणि त्यानंतर सहा दिवसांत आजची सृष्टी रचली गेली. भूशास्त्राला हवा तेवढा काळ त्या फटीत ढकलून द्यायचा. दुसरी जुळणी ह्यू मिलर यांची. हा पाथरवटाचे काम केलेला, स्वतः शिकलेला भूशास्त्रज्ञ स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या बाजूने लढणाऱ्या ‘द विटनेस’ या पत्राचा संपादक होता. १८५७ साली, त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या पुस्तकात त्याने प्रत्येक दिवस म्हणजे एक दीर्घ युग असे धरले : तिसऱ्या दिवसाच्या वनस्पती म्हणजे कोळसायुगातली अरण्ये, पाचव्या दिवसाचे जलचर म्हणजे प्रचंड सरीसृप, सहाव्या दिवसाचे पशू म्हणजे सस्तन प्राण्यांचे युग.

दोन्ही जुळण्या देखण्या होत्या आणि दोन्ही फसल्या. चाल्मर्स यांच्या योजनेला माणसाच्या आधी सगळी जुनी सृष्टी संपून नवी सुरू झाल्याची खूण हवी होती. पण चार्ल्स लायेल यांनी शिंपल्यांचे जीवाश्म मोजून दाखवले की अलीकडच्या थरांत आजही जगत असलेल्या जातींचे प्रमाण क्रमाक्रमाने वाढत जाते; मधे कुठे तुटलेपण नाही. मिलरच्या योजनेत तर क्रमच आडवा आला. कोळशाच्या अरण्यांच्या कितीतरी आधीच्या खडकांत समुद्री प्राण्यांचे अवशेष खच्चून भरलेले आहेत, आणि सूर्याचा चौथा दिवस अरण्यांच्या नंतर कसा बसवायचा हा प्रश्न होताच. १८६० साली ‘एसेज अँड रिव्ह्यूज’ या संग्रहात चार्ल्स गुडविन यांनी या दोन्ही योजना समोरासमोर ठेवल्या. दोन्ही शास्त्रनिष्ठ, दोन्ही एकाच अध्यायाचा अर्थ सांगणाऱ्या, आणि दोन्ही एकमेकींना खोट्या ठरवणाऱ्या. ज्या वाचनाला दर नव्या शोधाबरोबर अर्थ बदलावा लागतो, ते वाचन ग्रंथाचे संरक्षण करत नाही. ते ग्रंथाला भूशास्त्राच्या दारात ताटकळत ठेवते. या आक्षेपाला जुळणी करणाऱ्यांजवळ धड उत्तर नव्हते.

या वादाचा एक अध्याय आपल्याकडच्या मातीत लिहिला गेला. सिकर पॉइंट ज्या बेरिकशरमध्ये आहे, त्याच परगण्यातल्या डन्स गावी १८१७ साली जन्मलेले स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये फ्री चर्चचे मिशनरी म्हणून नागपुरात आले. चाल्मर्स हे त्यांच्या चर्चचे पहिले मॉडरेटर. मिलर त्याच चर्चचा लेखणीबहाद्दर. १८५१ साली हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्हाच्या काळ्या थरांच्या मधोमध गाळाचा एक पट्टा दिसला, आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म. हा शोध दिसायला किरकोळ, पण त्याचा अर्थ मोठा. लाव्हा वाहिला, निवला, त्यावर तळे साचले, त्यात गोगलगायींच्या पिढ्यान्‌पिढ्या जगल्या आणि मेल्या, तळ्याचा गाळ झाला आणि मग पुन्हा लाव्हा आला. असे पट्टे पुढे दख्खनच्या पूर्वेकडच्या भागात अनेक ठिकाणी सापडले. दख्खनचा पाषाण एका दमात ओतलेला नाही. त्याच्या घडणीत लांबलचक विसावे आहेत. कामठी परिसरातल्या वालुकाश्मात त्यांना ग्लॉसोप्टेरिस या प्राचीन वनस्पतीची पाने मिळाली, चंद्रपूरकडच्या मांगली येथून आलेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी अभ्यासली. हिस्लॉप आणि हंटर यांचा निबंध १८५५ साली जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापला गेला. थर, त्यांचा क्रम आणि त्यांतले जीवाश्म यांवर तो उभा आहे. हिस्लॉप ज्या धर्माचा उपदेश करायला आले होते त्यावरची त्यांची श्रद्धा अढळ होती; १८६३ साली टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून मृत्यू येईपर्यंत ते मिशनचेच काम करत होते. पण गोगलगायीचे वय विचारायला ते ग्रंथाकडे गेले नाहीत. म्हणूनच तो निबंध आजही भारतीय भूशास्त्राच्या इतिहासात जागा राखून आहे.

हिंदुस्थानातल्या मिशनरींच्या दृष्टीने या सगळ्यात एक उपरोध होता. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांच्यासारख्यांचा हिशोब असा होता की पाश्चात्त्य विज्ञान शिकवले की पुराणांतला भूगोल आणि खगोल आपोआप कोसळेल. पण हे शस्त्र दुधारी होते. त्याच्याही आधी, १७९० साली ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये, विल्यम जोन्स यांनी पुराणांची युगगणना मोशेच्या कालगणनेत कोंबून बसवली होती, कारण लाखो वर्षे त्यांना मुळातच अशक्य वाटत होती. पन्नास-साठ वर्षांत भूशास्त्राने लाखच काय, कोटींचीही दारे उघडली. यावर आपल्याकडे लगेच टाळी पडते : बघा, ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि आजच्या मोजणीने पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षांचे! ही टाळी म्हणजे मिलरचीच चूक, फक्त ग्रंथ वेगळा. पुराणातला आकडा खडक मोजून आलेला नाही, तो युगांच्या गुणाकारातून आलेला आहे. आणि त्या गणनेत मागे विश्वचक्रांची अखंड मालिका आहे, ती कोणत्याही थरात सापडलेली नाही. जवळ येणारा आकडा तेवढा उचलायचा आणि न जुळणारे सोडून द्यायचे, याला पुरावा म्हणत नाहीत.

जुळणी आणि शिस्त यांतला फरक एकाच माणसाच्या कामात पाहायचा असेल तर कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांच्याकडे वळावे. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कलियाना आणि कलियानपूर या दोन ठाण्यांमधल्या अक्षांशांत ५.२३६ सेकंदांची तफावत येत होती. हिमालयाच्या ओढीने ओळंबा ढळत असावा, असे धरून प्रॅट यांनी गणित केले, तर ओढ १५.८८५ सेकंदांची निघाली. पर्वत दिसतो तेवढा खेचत नाही. या कोड्यातून १८५५ साली जॉर्ज एरी यांनी आणि नंतर स्वतः प्रॅट यांनी भूकवचाच्या समतोलाची कल्पना मांडली. ती आजही भूभौतिकीच्या पाठ्यपुस्तकांत दोघांच्या नावाने शिकवली जाते. याच प्रॅट यांनी १८५६ साली शास्त्र आणि विज्ञान यांच्यात विरोध नाही, हे सिद्ध करणारे पुस्तकही लिहिले. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आज ते पुस्तक केवळ इतिहासाचे अभ्यासक उघडतात. माणूस एकच, बुद्धी एकच, निष्ठाही एकच. ओळंब्याचे गणित टिकले, कारण ते ओळंब्यावर उभे होते. जुळणी विरली, कारण ती त्या दशकातल्या भूशास्त्रावर उभी होती.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप उघड आहे : संघर्ष नव्हता म्हणता, मग गॅलिलिओचे काय? १६१६ चा निषेध, १६३३ ची शिक्षा, सॉर्बोनच्या धर्मपंडितांनी बुफॉनकडून १७५१ साली मागवलेली माघार, ‘एसेज अँड रिव्ह्यूज’च्या दोन लेखकांवर चाललेला आणि १८६४ साली प्रिव्ही कौन्सिलमध्ये सुटलेला खटला, हे सारे खरे आहे. संघर्ष होता, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. पण तो कशावरून होता ते पाहिले पाहिजे. ग्रंथाचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा त्याचा गाभा होता. गॅलिलिओने १६१५ च्या पत्रात शास्त्र मुक्तीचा मार्ग सांगते, आकाशाची गती नव्हे, असेच प्रतिपादन केले. ती भूमिका ऑगस्टीनचीच. गंमत अशी, की त्याच पत्राच्या शेवटी यहोशवासाठी सूर्य थांबल्याची कथा कोपर्निकसच्या मताशी अधिक चांगली जुळते, हे दाखवण्याचा मोह त्यालाही आवरला नाही. जुळणीचा मोह असा थोरांनाही सुटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ही शिस्त म्हणजे शहाणपण नसून नाइलाज आहे. विज्ञान पुढे सरकते, धर्म जागा सोडतो आणि सोडलेल्या जागेला उदारपणा म्हणतो. यात तथ्य आहे. बकलंड आणि सेजविक यांनी प्रलय सोडला तो खडकांच्या रेट्यामुळे, ऑगस्टीन वाचून नव्हे. शिवाय शिस्तीलाही मर्यादा होत्या. पृथ्वीचे वय वाढवायला पुढे असलेले सेजविक १८५९ नंतर डार्विनच्या कट्टर विरोधात गेले, आणि डार्विन तर १८३१ साली वेल्समध्ये त्यांच्याच बरोबर थर वाचायला शिकला होता. कारण तिथे प्रश्न समासातल्या आकड्याचा उरला नव्हता. आदाम हा इतिहासातला माणूस नसेल तर पतन आणि तारण यांच्या शिकवणीचे काय, हा प्रश्न ख्रिस्ती सिद्धान्ताच्या मुळाशी भिडतो. तो केवळ कार्यक्षेत्रे वेगळी करून मिटत नाही आणि आजही सगळ्यांच्या दृष्टीने मिटलेला नाही. पण यातून निघते ते इतकेच की श्रद्धेला आपला अर्थ पुन्हा तपासावा लागतो. जीवाश्मांच्या वाचनात ग्रंथाने ढवळाढवळ करावी, असे त्यातून निघत नाही. सेजविक यांचा विरोध डार्विनला थोपवू शकला नाही. त्यांनी लावलेला थरांचा क्रम मात्र डार्विनच्याच कामी आला.

तिसरा आक्षेप वर्तमानातला : आज अमेरिकेत लाखो माणसे पृथ्वी सहा ते दहा हजार वर्षांची मानतात, म्हणजे जुनी श्रद्धा कधी हललीच नाही. इतिहास वेगळे सांगतो. १९२५ साली टेनेसीमधल्या स्कोप्स खटल्यात उत्क्रांतीविरोधकांचे पुढारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी साक्षीत कबूल केले की सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही. जलप्रलयानेच सारे थर घडले, हे मत त्या काळी ठामपणे मांडत होते ते ॲडव्हेंटिस्ट लेखक जॉर्ज मॅक्रेडी प्राइस, १९२३ च्या आपल्या ग्रंथात. त्याला व्यापक पाठबळ मिळाले ते १९६१ साली, जॉन व्हिटकोम आणि जलअभियंता हेन्री मॉरिस यांच्या ‘द जेनेसिस फ्लड’ या पुस्तकानंतर. म्हणजे पुरातन म्हणून मिरवणारी ही अक्षरनिष्ठा तिच्या आजच्या रूपात विसाव्या शतकाची निर्मिती आहे. आणि तिचा डोलारा उभा आहे तो विज्ञानाच्याच मान्यतेच्या हव्यासावर; प्रलयाला भूशास्त्रीय पुरावे हवेत, शाळेत विज्ञानाच्या तासाला जागा हवी. चाल्मर्स आणि मिलर ग्रंथाला खडकाजवळ नेत होते. हे खडकाला ग्रंथाजवळ ओढून नेतात. जुळणीचा हट्ट दोघांचा एकच.

या हट्टाला सर्वांत नेमके उत्तर एका पाद्र्यानेच दिले. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये प्रसरणशील विश्वाची आणि १९३१ मध्ये आदिअणूची कल्पना मांडली; पुढे तिचाच विस्तार महास्फोट सिद्धान्तात झाला. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सिद्धान्तात निर्मितीच्या शिकवणीला दुजोरा असल्याचे भाषणात सूचित केले. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता. झाले उलटच. वैज्ञानिक सिद्धान्त उद्या बदलू शकतो, आणि श्रद्धा त्याच्यावर टेकवली तर त्याच्याबरोबर तीही घसरेल, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी आपली नापसंती पोपच्या सल्लागारांपर्यंत पोचवली, आणि पोपनी तो मुद्दा पुढे रेटला नाही. श्रद्धावान माणसाने विज्ञानाकडून प्रमाणपत्र नाकारणे हा इथे श्रद्धेचाच आग्रह होता. ग्रंथाचे मोठेपण खडकाच्या अनुमतीवर अवलंबून ठेवणारा माणूस ग्रंथावर विश्वास ठेवत नाही, तो पुढच्या शोधावर पैज लावतो. अशी पैज ख्रिस्ती शास्त्रावर लावली काय किंवा आपल्या पुराणांवर लावली काय, आजवरचा हिशोब तिच्या विरोधात गेलेला आहे.